तिसरी पट्टी

जहाजावरून उतरताना लोक अत्तरं आणतात, चॉकलेटं आणतात.
विश्रामने आणल्या कागदाच्या पाच गुंडाळ्या.
केबिनी नव्या केल्या, उरलेलं फेकून देणार होते, म्हणाला.
फिकट निळा कागद, त्यावर बोटाएवढे पाणपक्षी,
सगळे एकाच दिशेने निघालेले.
"भिंतीला?" मी विचारलं.
"छताला."

खालचा जुझे सुतार स्टूल घेऊन वर आला
आणि दारातच थांबला.
"वयर? कागद? पिसो जालो काय रे तूं?"
स्टूल मात्र ठेवून गेला, सोबत एक दोरीही.

बायण्याच्या या खोलीत काय कशाला चिकटायचं?
खिडकी उघडली की धक्क्यावरचा कोळसा आत येतो,
मिटली की खारी हवा आतच मुक्काम करते.
मी बोलले नाही. मैद्याची खळ शिजवली,
झुरळांसाठी चिमूटभर मोरचूद,
हात अवघडेपर्यंत ढवळत राहिले.
एक गुठळी राहिली
तरी वर एखाद्या पक्ष्याच्या पोटात गाठ दिसली असती.

पंखा उतरवला. दोरी निळीत भिजवून
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणली,
मधोमध चिमटीत धरून सोडली:
छतावर एक सरळ रेघ,
विश्रामच्या कपाळावर तिचे शिंतोडे.

पहिली पट्टी लागली.
दुसरी उचलेपर्यंत पहिली सुटली
आणि ओल्या चादरीसारखी दोघांच्या डोक्यांवर आली.
आत आम्ही, खळीचा वास,
आणि आठ महिन्यांनी इतक्या जवळून त्याचं हसणं.

मग जमत गेलं.
कागदाच्या भात्यासारख्या घड्या हातावर घेऊन
तो पुढे चिकटवत जायचा,
मी मागून केरसुणीने तोलून धरायची.
मान दुखते हे सांगायलाही मान वळवावी लागते,
म्हणून कुणी सांगितलं नाही.
खळ मनगटावरून कोपरात, कोपरातून ब्लाऊजमध्ये.

तिसरी पट्टी डागावरून जाणार होती.

वरच्या आंतोनेटबाईंच्या न्हाणीचा तो डाग.
विश्रामच्या लेखी, घराची एक खोड.
तो कधी मस्कतला, कधी रॉटरडॅमला,
आणि मी इथे रात्री उताणी, त्या डागाखाली.
आधी ती बशी होती. मग मान बाहेर काढलेलं कासव.
वेदांगीला ताप होता त्या आठवड्यात
कासवाला एक पाय फुटला.
एका वर्षी पगार लांबला तेव्हा
मी त्याच्याशी मोठ्याने भांडलेही आहे.
असलं काही सांगायचं तरी कसं,
स्टुलावर उभ्या नवऱ्याला?
"घट्ट धर," तो म्हणाला.
धरलं.
कासवाच्या पाठीवर एक बुडबुडा राहिला.
सुईने टोचून अंगठ्याने दाबून बसवला. मीच.

शेवटी हातभर कागद कमी पडला.
दाराकडचा कोपरा उघडाच, सिमेंटचा.
"पुढच्या खेपेला आणतो,"
जहाज म्हणजे जणू कोपऱ्यावरचं दुकान.

रात्री आडवे झालो तर पक्षी उलटे,
पोटं वर करून पोहणारे.
त्याचा चेहरा पडला.
मी म्हटलं, वर-खाली भिंतीला असतं,
छताला कुठलं? खाट फिरव.
अकरा वाजता खाट फिरवली,
खाली जुझेने खोकून नाराजी कळवली.
पक्षी सुलटे झाले.
दिशा मात्र तीच राहिली, बंदराची.

चवथीआधीच त्याला बोलावणं आलं.

परवा आंतोनेटबाईंची न्हाणी पुन्हा झिरपली.
तिसऱ्या पट्टीत, दोन पक्ष्यांच्या मध्ये
कपाच्या बुडाएवढं पिवळट वर्तुळ.
वेदांगी मोबाईल घेऊन आली,
बाबांना फोटो पाठवू?
नको, म्हटलं. थांब थोडी.
पाय फुटू दे.